दुसरं पान

उंटरश्लाइसहाइम,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय राजाभाऊ,

ऑगस्टात तू फोनवर विचारलंस की तुझ्या पोराला, सिद्धेशला, परत जर्मनीत यायला काही मार्ग आहे का, आणि मी ‘बघतो’ म्हणालो. त्यानंतर आपलं दोनदा बोलणं झालं आणि दोन्ही वेळा मी तुला इथल्या थंडीबद्दल सांगत बसलो. तेव्हा आधी उत्तर. मार्ग आहे. एकच आहे, अरुंद आहे, आणि त्याला तारीख आहे. सिद्धेशला एकवीस पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे ९ मार्चच्या आत, त्याचा अर्ज पोचला पाहिजे. आजपासून एकशे तेरा दिवस. त्यातले नाताळचे दोन आठवडे इथे कुणी फोनसुद्धा उचलत नाही, ते वजा कर. हे सगळ्यात वर लिहून टाकलं, कारण पुढे मी बरंच लिहिणार आहे आणि त्यात मुद्दा हरवायला नको.

आता क्रमाने सांगतो. क्रम सोडून मला सांगता येत नाही, हे तू कचेरीत बारा वर्षं माझ्या टेबलाशेजारी बसून सोसलं आहेस.

तुझा फोन आला तेव्हा मी माझ्याच परवान्याच्या मागे होतो. कायमचं राहायचा परवाना, इथे त्याला निडरलासुंग म्हणतात. तो एकदा हातात पडला की नोकरी गेली काय, कंपनी बुडली काय, देश सोडा म्हणून कुणी सांगत नाही. माझा आत्ताचा परवाना नोकरीला बांधलेला आहे, आणि आमच्या कंपनीत उन्हाळ्यापासून ‘पुनर्रचना’ हा शब्द कॉफीच्या यंत्रापाशी फिरतोय, त्यामुळे सुनेत्राच्या डोळ्याला डोळा नाही. मी तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस. कायदा पाच वर्षं मागतो. मी मार्च २००८ मध्ये इथे उतरलो, म्हणजे सतरा वर्षं झाली. आपल्याकडे तिप्पट माल आहे. फाइल केली की काम झालं.

आणि फाइल मी अशी केली की तू पाहिली असतीस तर नेहमीसारखा हसला असतास. चौदा विभाग, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी, पुढे अनुक्रमणिका, तीही जर्मनमध्ये, माझी मी लिहिलेली. माझ्या पोरीने, ईप्सिताने, नुसती वरून नजर टाकली आणि दोन चुका दाखवायला बोट पुढे केलं, तर मी फाइल मिटली. मी कॉलेजचं तोंड न पाहता ही भाषा शिकलोय, सांगलीच्या वाचनालयातल्या पानं सुटलेल्या पुस्तकावरून, हे तिला ऐकून ऐकून पाठ झालंय. मी सांगायला लागलो की ती ‘या, या, पापा’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणते आणि खोलीत निघून जाते.

आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे आपलं परदेशी लोकांचं कार्यालय, तुझ्या वेळी जसं होतं तसं राहिलेलं नाही. बिघडलंय. पूर्वी निदान रांग होती, पुढे किती जण आहेत ते डोळ्यांनी दिसायचं. आता सगळं ऑनलाइन. फाइल पाठवा म्हणतात, पण पाच एमबीच्या वर घेत नाहीत. मी चौदा विभागांचे नऊ तुकडे करून नऊ ईमेल पाठवले. नऊ उत्तरं आली, शब्द न् शब्द तोच, फक्त प्रत्येकावर संदर्भ क्रमांक वेगळा. म्हणजे त्यांच्या लेखी नऊ यशवंत झाले. ते निस्तरायला एक महिना गेला. टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला एकूण चार. फोटो मी स्वतः मापाने कापून नेले होते, पस्तीस बाय पंचेचाळीस, पट्टी लावून. तर म्हणाले की कागदाचा फोटो आता चालतच नाही, तिथल्याच यंत्रासमोर उभं राहा. राहिलो. त्या यंत्राने माझा चेहरा तीनदा नाकारला.

ते असो. १४ ऑक्टोबरला, मंगळवारी, सकाळी सव्वानऊला मी त्या टेबलासमोर बसलो. पलीकडे तिशीतली एक बाई. सभ्य, शांत, चिडायला काही निमित्तच देत नव्हती. तिने फाइलचं कौतुक केलं. मग तिसरा विभाग उघडला. तिसरा विभाग म्हणजे आपली कचेरी. आपल्या सरकारच्या त्या व्यापार कचेरीत काढलेली तेरा वर्षं, नेमणुकीचं पत्र, वर्षावर्षाचे दाखले, आणि ते कार्ड. तुला आठवतं ना, परदेशी सरकारच्या नोकरांना इथलं परराष्ट्र खातं द्यायचं ते. तू शर्टाच्या खिशात ठेवायचास आणि गाडी चालवताना सारखा हाताने चाचपायचास. पोलिसाने ते पाहिलं की पुढचा प्रश्नच यायचा नाही. बाकीचे आपले लोक पहाटे उठून परवान्याच्या रांगा लावायचे आणि आपण कार्ड दाखवून मोकळे. मी त्या कार्डाच्या प्रती दोन्ही बाजूंनी, रंगीत, सहा जोडल्या होत्या.

तिने तो विभाग अलगद काढला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. म्हणाली की कार्ड म्हणजे परवाना नव्हे. कार्ड म्हणजे परवाना घ्यावा लागण्यातून सूट. ज्याला परवाना लागतच नव्हता त्याची परवान्याची वर्षं मोजायची कुठून? मी कलमाचा आकडा सांगितला, तिने पुढचा आकडा सांगितला. मी भाड्याचे करार पुढे केले, ईप्सिताच्या शाळेचे दाखले पुढे केले. तिने माझ्या पेन्शनच्या नोंदीचा कागद माझ्याकडे वळवला. २०२१ च्या सप्टेंबरपासून ओळी आहेत, त्याच्या वर पांढरं. मग ती म्हणाली, “तुम्ही इथे होतात याबद्दल मला शंका नाही. पण माझ्या मोजणीत तुम्ही २०२१ मध्ये आलात.”

चार वर्षं, एक महिना. एवढा माझा जर्मनीतला काळ. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

घरी येताना गाडीत गौरांगचा फोन. गौरांग म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळातला, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, पुण्याचा, वय अठ्ठावीस. तो २०२२ मध्ये आला. डिग्रीवाल्यांचा रस्ता वेगळा असतो, त्याला एकवीस महिन्यांत कायमचा परवाना मिळाला. मला म्हणतो, काका, टेन्शन नका घेऊ, ते लोक चिल असतात, फक्त कागद नीट न्यायचे. मला, कागद नीट न्यायचे. मी पुढच्या स्टेशनावर उतरून फोन ठेवला. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नकोस. एकाने लिहिलं वकील करा, दुसऱ्याने लिहिलं वकील करू नका, तिसऱ्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

पण त्या बाईने उठता उठता एक गोष्ट विचारली होती आणि ती माझ्या डोक्यातून जाईना. ती म्हणाली की कार्डवाल्यांना मध्ये एकदा निवड करायला सांगितलं होतं ना? इथेच स्थायिक व्हायचं असेल तर तशी नोंद करायची, कार्ड परत द्यायचं आणि साधा परवाना घ्यायचा. तुम्ही तो पर्याय का घेतला नाहीत? मी ठणकावून सांगितलं की असं काही आमच्याकडे आलंच नाही. आलं असतं तर माझ्या हाताखालून गेलं असतं, कारण त्या कचेरीतला प्रत्येक जर्मन कागद माझ्या हाताखालून जायचा. तिने मान हलवली, कदाचित तुमच्या कचेरीला आलं नसेल, असं म्हणाली. ते ‘कदाचित’ मला लागलं. मी घरी आलो, बूट न काढता तळघरात गेलो आणि २०१३ चा खोका काढला. कारण मी तुम्हा सगळ्यांच्या कागदांच्या प्रती ठेवायचो. तू चिडवायचास की यशवंता, तुझ्याकडचा कागद पाहून रद्दीवाला तुला जावई करून घेईल. मला त्या बाईला दाखवून द्यायचं होतं की असा कागद आलेलाच नाही.

आला होता. ऑक्टोबर २०१३. दोन पानी. पहिल्या पानावर नाव, पत्ता, कार्डाचा क्रमांक. दुसऱ्या पानावर नेमकं ती म्हणाली तेच, आणि खाली दोन चौकटी, ‘या’ आणि ‘नाइन’, हो आणि नाही. कचेरीत आपण सहा जण असे होतो, सहा प्रती. सहाही कागदांवर ‘नाइन’च्या चौकटीत फुली, खाली ज्याची त्याची सही. तुझी सही तिरकी आहे, शेवटचा काना कागदाबाहेर जाणारा. मी त्या खोक्यापाशी किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही, आणि मला सहसा वेळ सांगता येतो. सुनेत्रा जिन्यावरून हाक मारत होती.

२०२१ चा जुलै मला त्या तळघरात जसाच्या तसा दिसला. कचेरी बंद झाली, कार्डं परत घेतली, आणि तुला निघायची मुदत मिळाली. मी राहिलो, कारण कचेरीतले संगणक मी सांभाळायचो आणि डिग्री नसलेल्या संगणकवाल्यांसाठी कायद्यात एक खिडकी होती. ड्रायव्हरसाठी नव्हती. तुझ्यासाठी मी सगळीकडे फिरलो, खोटं सांगत नाही, सहा आठवड्यांत अकरा कार्यालयं. विमानतळावर तू माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालास की यशवंता, तू नसतास तर आमचं इथे एक वर्षही निभलं नसतं. कायदाच तसा, त्याला तू तरी काय करणार. मुक्तावहिनी पासपोर्ट पुन्हा पुन्हा मोजत होत्या. सिद्धेश ईप्सिताशी जर्मनमध्ये हळू काहीतरी बोलत होता आणि आपल्या कुणाकडे बघत नव्हता. सोळा वर्षांचं पोर. बसच्या डेपोत त्याला सप्टेंबरपासून शिकाऊ म्हणून घेणार होते, करारावर सही व्हायची बाकी होती. तेव्हा त्याने शाळेचं जाकीट घातलं होतं आणि बाहेर तीस अंश तापमान होतं.

मिरजेत त्याचं काय चाललंय ते तू मला थोडंच सांगतोस. वहिनी सुनेत्राला जास्त सांगतात. दोनदा डिप्लोमा सोडला, वर्गात मास्तरांना जर्मन पोरांसारखं सरळ ‘हे चुकीचं आहे’ म्हणतो आणि मार खाऊन येतो, आणि फोनवर अजून हवामान म्युनिकचं ठेवतो. तू हॉस्पिटलची गाडी चालवून घरी येतोस तेव्हा तो खाली येऊन ती गाडी तपासतो, तेवढंच तुमच्यात बोलणं. हे सगळं मला माहीत होतं, राजाभाऊ. तरी तू ऑगस्टात विचारलंस तेव्हा मी ‘बघतो’ म्हणून थांबलो, कारण तेव्हा मला वाटत होतं की कायदा बंद आहे आणि मला तो पाठ आहे.

मार्ग मी शोधला नाही, हेही स्पष्ट लिहितो. गेल्या आठवड्यापर्यंत मी रोज संध्याकाळी कलमं वाचत होतो आणि रोज चिडचिड करत होतो. शेवटी ईप्सिता दारात उभी राहून म्हणाली, “पापा, फ्राग डोख आइनफाख.” म्हणजे, साधं विचार की कुणाला तरी. तिने एका सल्ला केंद्राचा पत्ता दिला, बुधवारी दुपारी, फुकट. मी गेलो. यंत्रातून नंबराची चिठ्ठी घेतली, पन्नास जणांत बसलो, आणि माझा नंबर आल्यावर आतल्या बाईला म्हणालो की मला हे कळत नाहीये, मला समजावून सांगा. हे वाक्य जर्मनमध्ये मी सतरा वर्षांत प्रथम बोललो. मराठीतही कधी बोललो असेन असं वाटत नाही. फाइल पिशवीतच राहिली.

माझ्यासाठी तिच्याकडे काही नव्हतं. पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबा, नोकरी टिकवा, एवढंच. मग मी सिद्धेशचं सांगितलं. ती सरळ बसली. म्हणाली, जो लहानपणी इथे कायदेशीर राहिला, किमान आठ वर्षं, सहा वर्षं इथल्या शाळेत गेला, तो एकविसाच्या आत आणि देश सोडल्यापासून पाच वर्षांच्या आत परत यायचा हक्क मागू शकतो. सिद्धेशची अकरा वर्षं होतात, शाळेची दहा. मी लगेच विचारलं की कार्डाची वर्षं इथेही पांढरीच ना? ती म्हणाली की इथे कायदा परवाना विचारत नाही, कायदेशीर होता का एवढंच विचारतो, त्यामुळे ती बहुधा धरतील. बहुधा. ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, असं कुणी म्हणालं नाही, तेव्हा तूही सिद्धेशला तसं सांगू नकोस. पहिली पाच वर्षं त्याचा खर्च कोण बघणार याची लेखी हमी लागते. ती मी गुरुवारी, कुणाच्या तरी रद्द झालेल्या वेळेवर, सही करून आलो, सुनेत्रा बरोबर होती. माझी नोकरी गेली तर काय, हे तिनेच मला वाटेत विचारलं आणि तीच म्हणाली की तेव्हा बघू.

तुझ्याकडून लागतील ते असे. सिद्धेशचे पहिलीपासून दहावीपर्यंतचे शाळेचे निकाल, मूळ प्रती, तू ते वहिनींच्या लोखंडी कपाटात ठेवले होतेस. त्याचे जुने पासपोर्ट, रद्द झालेलेही, शिक्क्यांच्या सगळ्या पानांसह. जन्मदाखला. राहत्या पत्त्याच्या नोंदी मी इथून काढतोय. मुंबईच्या जर्मन वकिलातीत अर्जाच्या वेळेची नोंदणी लगेच करायची, हे पत्र कुरिअरने पोचेल त्याच दिवशी, जेवायच्या आधी. आणि फॉर्म सिद्धेशने स्वतः भरायचा. एकेक ओळ वाचून. त्याची जर्मन माझ्यापेक्षा चांगली आहे, पहिल्यापासूनच होती. मला पाठवू नका, मी भरणार नाही.

आता हे फोनवर का सांगितलं नाही, ते. तो २०१३ चा कागद आला त्या शुक्रवारी दुपारी आपण सगळे कचेरीच्या स्वयंपाकघरात होतो. तू डबा उघडत होतास. म्हणालास की मुक्ताने शब्दकोश घेऊन काल हा थोडा वाचला, तिला वाटतंय दुसऱ्या पानावर इथे राहण्याबद्दल काहीतरी आहे, जरा नीट बघ. मी पान उलटलं, वरून खाली नजर फिरवली आणि म्हणालो, “काही नाही रे, नेहमीचंच आहे. सही कर.” राजाभाऊ, मला ते पान कळलं नव्हतं. लांबलचक वाक्यं होती, कायद्याची, आणि मला त्यांचा शेंडाबुडखा लागला नाही. पलीकडच्या खोलीत रिसेप्शनवरची जर्मन बाई बसली होती, दार उघडं होतं, दहा पावलं. पण तुम्ही पाच जण माझ्याकडे बघत होता, ज्याला सगळं कळतं त्याच्याकडे बघतात तसं, आणि त्या पाच जणांसमोरून मला उठून विचारायला जाता आलं नाही. मला वाटलं कार्ड जातंय असं काहीतरी आहे, तर नाही म्हटलेलं बरं. सहाही फुल्या मी मारल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, माझ्या पेनने. तुम्ही फक्त सह्या केल्यात. तिथे ‘हो’ असतं तर २०१९ पर्यंत तू कायमचा झाला असतास आणि कचेरी बंद झाली तेव्हा तुला कुणी हात लावला नसता. विमानतळावर तू कायद्याला दोष दिलास. कायद्याने तुला विचारलं होतं. उत्तर मी दिलं. बाकी चौघांनाही मी लिहिणार आहे, पण तुझ्याआधी कुणाला लिहिणं शक्य नव्हतं. तुझ्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. दोन्ही पानं आहेत. ती आधी वहिनींना दे, त्यांनी बरोबर वाचलं होतं. आणि त्या हमीवर मी सही केली तो उपकार नाही, तेव्हा आभाराचा फोन नको. मला जे बोलायचं असेल ते बोल, वहिनींना बोलू दे, सिद्धेशला कोणत्याही भाषेत बोलू दे, मी मधे एक शब्द न बोलता ऐकून घेईन. पण ते दहा मार्चला. त्याआधी कागद पाठव.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
यशवंत